पश्चिमेचा खांब

१

बाबांचा शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात वाद चालला होता तो डब्याच्या फडक्यावरून.

"कलावती, तुह्यी गाठ सोडता सोडता माह्यी भूक मरून जाते," बाबा म्हणाले. ते नुकतेच ड्यूटीवरून आले होते आणि मोहन नगरच्या आमच्या घराच्या मागच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"मरू द्या," आई म्हणाली. "पावर हाउसच्या बसमध्ये त्या मास्तरच्या धोतरावर वरण सांडलं, तवा बोलणी कोनं खाल्ली?"

"वरणाचा वास घेऊन मास्तर चूप झाला होता."

"म्हणून तं घट्ट बांधते. उद्या दुसरा मास्तर मागं लागायचा."

आई डब्यावर फडकं बांधायची आणि गाठीला पाण्याचं बोट लावायची. ओली गाठ वाळली की दगड व्हायची. ती सोडायची युक्ती फक्त बाबांकडे होती. नखाने एक टोक मागे ढकलत, अंगठा फिरवत, आणि गाठ सैल व्हायची. मी लहानपणी कितीदा प्रयत्न करून नाद सोडला होता. "हे कुलूप नवऱ्यालेच उघडते," असं बाबा पाहुण्यांना सांगत आणि आई आत निघून जाई.

मग त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "बाई, आज वारा कोणता?"

मी दुर्गच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. बाबा हवामान निरीक्षक. मी उत्तर द्यायचं नाही आणि त्यांनीच ते सांगायचं, हा आमच्या खेळाचा नियम मी शाळेत असल्यापासून चालत आला होता. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

"पश्चिमेचा," ते म्हणाले. "दुपारभर लू, अंग भाजणारी. अन् दुपारभर तो भोंगा बोंबलून राहिला. डोकं उठलं."

मरोद्याच्या पलीकडे माळावर मैकल हवाई सेवा नावाच्या कंपनीची एक आखूड धावपट्टी होती. बाहेरगावचे इंजिनियर आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन लहान विमानं तिथं उतरत. उतरणारं विमान समोरच्या वाऱ्यावर पेललेलं असतं. तो वारा एकाएकी पडला किंवा पाठीमागून येऊ लागला, तर विमान खाली बसतं आणि सावरायला उंची उरत नाही. याची आधी सूचना मिळावी म्हणून कंपनीने एक यंत्र बसवलं होतं. धावपट्टीच्या चार दिशांना चार खांब, बाबांच्या ड्यूटीच्या खोलीजवळ मध्यभागी पाचवा. प्रत्येकावर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या. कडेचा एखादा खांब आणि मधला खांब यांच्या वाऱ्यात फार फरक पडला की खोलीतला भोंगा वाजायचा.

"वादळ होतं का?" मी विचारलं.

"कायचं वादळ? साधी लू. ती सुटली का याचं सुरू. आता तं वैमानिकबी हसतात. भोंगा वाजला का म्हणतात, देवरावची चहाची वेळ झाली."

"आणि खरं वादळ आलं तर?"

"तं मी आहो ना. डोळे आहेत, लाल झेंडा आहे." त्यांनी सदरा काढून आईकडे टाकला. "त्या आवाजात जेवणबी होत नाही. मी आपला पश्चिमेच्या खांबापाशी सावलीत जाऊन बसतो, तिथंच डबा खातो."

आईने सदरा नाकाशी नेला. "पुन्हा बाम चोळला का? उन्हाळाभर तुमचे सदरे सर्दीच्या औषधासारखे वास मारून राहिले."

"मी कायचा बाम चोळतो," बाबा म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

२

सोमवारी दुपारी वारा पडला होता. पश्चिमेला काळं आभाळ उभं होतं आणि घामाने अंग चिकट झालं होतं. एक विमान उतरायच्या बेतात असताना माळावरून धुळीची भिंत आली. विमान पट्टीच्या कडेला आपटलं. वैमानिक वाचला. विमानात दुसरं कोणी नव्हतं. धावपट्टीवर बाबा होते. विमानाच्या पंखाने ते गेले.

हे आम्हाला भाऊरावकाकांनी येऊन सांगितलं. ते भंडारा जिल्ह्यातले, बाबांच्याच गावचे. मैकलच्या बगिच्याचे सुपरवायझर. बाबांनीच त्यांना तिथं चिकटवलं होतं. पुढचं सगळं त्यांनी केलं. गाडी आणली, इस्पितळातल्या सह्या केल्या, आईला पाणी पाजलं, मंगळवारी शिवनाथ नदीच्या काठावर लाकडं आणून रचली.

मी एकुलती एक. अग्नी मी दिला. भटजी कुरकुरले, तेव्हा काकाच म्हणाले, "पोरगी देईन. माह्या देवरावची पोरगी आहे ते."

लाकूड पेट घेईना. नुसता धूर. काकांनी दोनदा तूप ओतलं, शेवटी रॉकेल ओतलं. धुराने माझे डोळे झोंबत होते, नाक मोकळं होत होतं, आणि मला वाटलं हेच रडणं असावं. परत येताना जो तो म्हणत होता, भाऊरावने सख्ख्या भावासारखं केलं.

गुरुवारी मैकलचे व्यवस्थापक शामसुंदर देशकर घरी आले. सोबत काका होतेच. देशकरांनी आईला नमस्कार केला, पाणी घेतलं, एक कागदी पुडकं सतरंजीवर ठेवलं आणि ते माझ्याकडे वळले.

"कमलिनीताई, हे सांगताना मलाच वाईट वाटतं. काल चौकशी समिती येऊन गेली. यंत्र तपासलं, एकदम ठीक आहे. पण भोंग्याच्या तोंडात हे कोंबलेलं सापडलं. देवरावांना तो आवाज सहन होत नसे. सगळ्यांना माहीत आहे. इशारा झाला तो त्यांना ऐकू गेला नाही. मग धूळ दिसल्यावर घाबरून ते पट्टीवर धावले. वैमानिक सावरला असता, कदाचित." ते थांबले. "समितीने फोटो घेतलेत. वस्तू तुमची, तुम्हाला परत."

पुडक्यात आईचं डब्याचं फडकं होतं. शेजारी डबा. आईने सवयीने झाकण उघडलं आणि खोलीभर नासलेल्या वरणाचा वास पसरला. देशकरांनी रुमाल नाकाला लावला. आईने झाकण लावलं नाही. ती आत पाहत राहिली. पोळ्यांना हात लागलेला नव्हता.

"होते चूक माणसाकून," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आपला माणूस म्हणून काय झालं."

ते गेल्यावर मी फडकं उलगडलं. उलगडलं म्हणजे तसा प्रयत्न केला, कारण ते पूर्ण उलगडेना. आईची गाठ त्यात जशीच्या तशी होती. दगडासारखी. गाठीच्या शेजारून कापड कापलं होतं.

३

ज्या माणसाला ती गाठ नखाने सोडता येत होती, त्याने ती कापली का?

मी पुष्कळ रहस्यकथा वाचल्या आहेत. त्यांत असा दुवा सापडला की वाचणाऱ्याला आनंद होतो. मला तो झाला नाही. कारण याचा अर्थ एवढाच होता, की बाबा पट्टीवर पडलेले असताना कोणीतरी त्यांच्या खोलीत शिरलं, न जेवलेल्या माणसाचा डबा शोधला, गाठ सुटेना म्हणून फडकं कापलं, आणि ते भोंग्यात कोंबलं.

कोण? त्या वेळी माळावर चार माणसं होती. फाटकावरचा पहारेकरी दयाराम, वैमानिक ओमप्रकाश, कचेरीत देशकर, आणि पाण्याचा टँकर घेऊन फिरणारे भाऊरावकाका. दयारामला दुपारी झोप लागायची आणि भोंगा त्याची झोप मोडायचा, हे बाबाच हसत सांगत. ओमप्रकाशने इशारा ऐकूनही विमान उतरवलं असेल, तर त्यालाही भोंगा मुका ठरणं सोयीचं होतं. देशकरांना तर सगळंच सोयीचं होतं.

मी आधी फाटकावर गेले. दयाराम स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याने छत्तीसगढीत सांत्वन केलं, मग आम्ही हिंदी-मराठी मिसळून बोललो.

"भोंगा बजा था उस दिन?" मी विचारलं.

"बजा था, बाई."

"विमान उतरायच्या आधी?"

"नहीं. पहले बिलकुल चुप. उमस थी, पत्ता नहीं हिल रहा था. साहब तो बोले थे, आज इसका मुँह बंद है, जहाज उतरे तो आराम से खाऊँगा." बाबांना तो साहब म्हणे. "फिर धूल उठी, साहब झंडा लेके भागे. जहाज गिरा. उसके बाद बजा. इतना जोर से कि मैंने कान पे हाथ रख लिए."

"इथून, फाटकावरून ऐकू आला?"

"साफ."

भोंग्यात फडकं असतं तर तो फाटकापर्यंत साफ ऐकू आला नसता. म्हणजे विमान पडलं तेव्हा फडकं तिथं नव्हतंच.

"समितीला सांगितलंस?"

"बोला था. बोले, तू गेट का आदमी है, गेट की बात बोल." त्याने मिशीवरून हात फिरवला. "अब गेट ने तो कुछ देखा नहीं."

"त्यानंतर खोलीत पहिलं कोण गेलं?"

"टँकर आया था, आग लगने के डर से. भाऊराव बाबू आए थे. खोली से पानी की बाल्टी लेने गए. फिर देशकर साहब. फिर सारी दुनिया."

एक गाठ सुटली, आणि तिच्याखाली दुसरी होती. भोंगा बंद केलेला नव्हता, तर तो आधी वाजला का नाही? उन्हाळाभर खोटं ओरडणारं यंत्र खऱ्या वादळात विमान पडेपर्यंत गप्प का बसलं?

दयारामने मला पश्चिमेच्या खांबापर्यंत जाऊ दिलं. खांब मोकळ्या माळावर एकटा उभा होता. सभोवती ताजा लाल मुरूम पसरला होता. डोक्यावर ऊन तापत होतं. मी थोडा वेळ तिथं उभी राहिले आणि मग एक गोष्ट ध्यानात आली.

सावली कुठंच नव्हती.

४

ओमप्रकाशचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. तो तरुण होता, माझ्याच वयाचा. मला पाहून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"बहनजी, मुझसे कुछ मत पूछिए. मैंने सब बता दिया है."

"काय बताया?"

"जो पूछा गया." त्याने मान परत माझ्याकडे वळवली. "उन्होंने पूछा, रेडियो पर क्या सुना? मैंने कहा, देवराव जी बोले, हवा शांत, भोंपू चुप. बस, इतना लिख लिया. आगे मैं बोलता रहा, उन्होंने पेन बंद कर दिया."

"आगे क्या था?"

"आगे ये था कि लाल झंडा नहीं दिखता तो मैं पट्टी पर नहीं, बिजली के तारों में गिरता. मेरे सामने का काँच धूल से भरा था, बहनजी. सिर्फ वो लाल कपड़ा दिखा. मैंने इंजन पूरा खोला. विमान उठा नहीं, मगर तारों के पार आ गया." त्याने डोळे मिटले. "जिस आदमी ने बचाया, उसी को पंख लगा. और मैं उन पर हँसता था. चाय का टाइम बोलकर."

मी त्याला एक प्रश्न विचारला. पश्चिमेकडून येताना पट्टीच्या आधी काय दिसतं?

"पहले पेड़," तो लगेच म्हणाला. "यूकेलिप्टस की लाइन, आपकी नीलगिरी. फिर खंभा, फिर पट्टी."

५

देशकरांनी मला यंत्र स्वतः दाखवलं. पेटीला समितीचं लाखेचं सील होतं.

"अपघातापासून कोणी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "समितीने पंखा लावून पाचही खांब तपासले. प्रत्येक वेळी भोंगा बरोबर वाजला. असं भरवशाचं यंत्र आपल्या भागात दुसरं नाही, ताई."

"उन्हाळाभर ते खोटं वाजत होतं."

"देवरावांची तक्रार असायची. जुन्या माणसांना यंत्रावर विश्वास नसतो."

"पश्चिमेला नीलगिरीची झाडं होती ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठली झाडं? धावपट्टीजवळ झाडं लावायची परवानगीच नसते."

कचेरीच्या भिंतीवर वनमहोत्सवाचा एक फोटो होता. कोणा बड्या अधिकाऱ्याच्या पत्नी हातात झारी घेऊन उभ्या, मागे भाऊरावकाका, आणि प्रत्येक रोपाच्या गळ्यात नावाची पत्र्याची पाटी. अगदी मागे, धूसर, एका खांबावरच्या तीन वाट्या दिसत होत्या.

मी तो फोटो पाहते आहे, हे देशकरांनी पाहिलं. त्यांनी दार उघडून धरलं.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून दिवस मोजले. बाबांच्या सदऱ्यांना बामाचा वास येत होता, कारण ते रोज नीलगिरीखाली जेवत होते. झाडं सोमवारी दुपारपर्यंत होती, हे ओमप्रकाशने पाहिलं होतं. बुधवारी समिती आली तेव्हा तिथं मुरूम होता. मधे एक मंगळवार. एका दिवसात एवढं ओलं लाकूड कुठं गेलं?

ओलं लाकूड. पेट न घेणारं. नाक मोकळं करणारा धूर.

त्या लाकडाला अग्नी मीच दिला होता.

६

तेरवीला काका पत्रावळी घेऊन आले, पंगत वाढली, शेवटच्या माणसाला आग्रह करून जेवू घातलं. सगळे गेल्यावर मी त्यांना मागच्या ओट्यावर बोलावलं आणि फडकं पुढ्यात ठेवलं.

"काका, हे कशानं कापलंय?"

त्यांनी फडक्याला हात लावला नाही.

"चाकूने सरळ कापलं जातं," मी म्हणाले. "हे वाकडं कापलंय. एका दमात. आणि कडेला डिंक वाळलाय. तुमच्या छाटणीच्या कात्रीला असतो तसा."

मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही, आणि तेच जास्त किळसवाणं होतं.

"तुह्या आईची गाठ लय घट्ट," ते म्हणाले.

"कावून केलं, काका?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"घाबरलो. विमान पडलं तसं मले समजलं, आता झाडायवर येते. देवराव मले दोनदा म्हणाला होता, भाऊ, हे झाडं लय वाढले, खांब झाकून राहिले. मी देशकरसाहेबाले सांगतलं. साहेब म्हणाले, मॅडमच्या नावाचं झाड तोडतो का? पाट्या दिसतात ना गळ्यात? मी चूप बसलो. मंग अपघात झाला, अन् साहेब म्हणाले, समिती यायच्या आत एक पान दिसू देऊ नको. झाडं साहेबाच्या हुकमानं तोडली."

"आणि फडकं?"

"ते माह्यं." त्यांनी खाली पाहिलं. "मले पोरं आहेत, कमल. नोकरी आहे. देवराव तं गेलाच होता. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही."

"लाकडं तुम्ही बाबांच्या चितेला आणलीत."

"मंग कुठं नेऊ? रातोरात एवढं लाकूड कोन घेते? वाटलं, त्याच्याच कामी येईन."

हे त्यांनी समजावून सांगावं तसं सांगितलं. आवाजात लाज नव्हती, नुसती अडचण होती. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला आठवत होतं की याच हातांनी माझ्या आईला पाणी पाजलं होतं. त्यांनी खिशातून सुपारी काढली, कातरली, आणि सवयीने एक खांड माझ्यापुढे धरलं.

"आता बोलून तुले काय मिळन? साहेबानं चांगलं मनावर घेतलं आहे. पावसाळ्यात वनमहोत्सव आहे. देवरावच्या नावानं एक झाड लावून राहिले. मोठे लोक येतीन. तुले दोन शब्द बोलाले लावणार आहेत. बापाचं नाव होते, पोरी. चूप राय."

मी तेव्हा खरोखरच चूप राहिले. त्यांना त्यात होकार दिसला असावा.

७

जुलैत पाऊस उघडला होता आणि पश्चिमेचा वारा माळावरून एकसारखा वाहत होता. मांडवाच्या कनाती फडफडत होत्या. झाड लावायची जागा पश्चिमेच्या खांबापाशीच निवडली होती. तीच एक मोकळी जागा आहे, असं देशकर पाहुण्यांना सांगत होते. पाहुण्यांत चौकशी समितीचे अध्यक्ष होते. अहवालावर त्यांची सही अजून व्हायची होती. त्या सहीने बाबा कायमचे दोषी ठरणार होते. ओमप्रकाश कुबड्या घेऊन मागे उभा होता, दयाराम फाटक सोडून आला होता. आई माझ्या शेजारी बसली होती.

रोप नीलगिरीचं होतं. त्याच्या गळ्यात पत्र्याची पाटी होती. स्वर्गीय देवराव.

देशकरांनी माझ्या हातात रिबन बांधलेलं फावडं दिलं आणि माईक पुढे केला. "कमलिनीताई, दोन शब्द."

"मला एकच गोष्ट विचारायची आहे," मी म्हणाले. "आत्ता भोंगा वाजतोय का?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"देशकरसाहेब, यंत्र चालू आहे?"

"चालूच आहे. सीलबंद. कोणी हात लावलेला नाही."

"उन्हाळ्यात असा पश्चिमेचा वारा सुटला की तो दिवसभर वाजायचा. इथले सगळे त्याला हसायचे. आज तोच वारा आहे, यंत्रही तेच आहे, आणि भोंगा गप्प आहे. मग बदललं काय?"

अध्यक्षांनी पायावरचा पाय खाली घेतला.

मी फावडं जमिनीत घातलं, रोपासाठी खणलेल्या खड्ड्यात नाही, त्याच्या बाजूला. मुरमाखाली लाकडावर आवाज झाला. मी मुरूम बाजूला ओढला. कापलेलं खोड होतं, आणि त्याच्या कडेने निळसर पानांचे फुटवे वर आले होते. तसे फुटवे पुढेही होते, खांबाच्या पश्चिमेला सरळ ओळीत. पावसाने त्यांना बाहेर काढलं होतं आणि पाहुण्यांच्या स्वागताची इतकी घाई होती की कोणी खाली पाहिलं नव्हतं.

"इथं उंच झाडं होती. हा खांब त्यांच्या आडोशाला होता. वारा पश्चिमेचा असला की मधल्या खांबाला लागायचा, याला लागायचा नाही. फरक पडायचा आणि भोंगा उगाच ओरडायचा. ज्या दिवशी खरं वादळ पश्चिमेकडून आलं, त्या दिवशी ते सगळ्यांत आधी याच खांबाला कळायला हवं होतं. झाडांनी ते कळू दिलं नाही. वारा मधल्या खांबापर्यंत पोचला तेव्हा भोंगा वाजला. तोवर विमान पडलं होतं. दयारामने तो फाटकावरून ऐकला. फडकं कोंबलेला भोंगा फाटकावर ऐकू येत नाही. फडकं नंतर घातलं."

"ताई, ही जागा नव्हे," देशकर म्हणाले.

"जागा हीच आहे."

"पेड़ थे," मागून ओमप्रकाश म्हणाला. "मैंने बताया था. पेन बंद था."

अध्यक्ष उठून खोडापाशी आले. त्यांनी बुटाने मुरूम आणखी सरकवला, मग देशकरांकडे पाहिलं. "फडकं कोणी घातलं?" त्यांनी मला विचारलं.

मी फडकं आणलं होतं. ते मी अध्यक्षांच्या हातात दिलं, गाठीसकट. मग मी भाऊरावकाकांकडे वळले. लहानपणापासून त्यांना मी नुसतं काका म्हणत आले होते. पाणी पाजलं तेव्हा, सुपारी धरली तेव्हाही, माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला नव्हता.

"भाऊराव," मी म्हणाले, "ही गाठ सोडून दाखवा."

त्यांची नजर फडक्यावर होती आणि हात आपोआप खिशातल्या कात्रीवर गेला होता. आईने ते पाहिलं. ती उठली, पुढे झाली, आणि रोपाच्या गळ्यातली बाबांच्या नावाची पाटी काढून तिने पदरात घेतली.

"याले इथं लावू नका," ती म्हणाली.

माईक अजून माझ्या हातात होता. वारा तोंडावर येत होता, एकसारखा, ओला. बोलायचं ते बोलून झालं होतं. फक्त एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, जे मी इतक्या वर्षांत एकदाही दिलं नव्हतं. आता ते माझ्यासाठी देणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

"पश्चिमेचा, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "आज वारा पश्चिमेचा आहे."